पासून–पर्यंत

कार्यालयात त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तोंडावर अर्थात नुसतं 'बाई'. पण आपल्यामागे लोक काय बोलतात हे ज्याला कळत नाही त्याने दुसऱ्याच्या लिखाणाला हात लावू नये, असं त्यांचं मत होतं. खरं सांगायचं तर ते नाव त्यांना आवडायचंसुद्धा. एकतीस वर्षं त्या या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या. लेखक त्यांना टरकून असत. बाईंच्या हाती स्वतःचा जन्मदाखला दिला तरी त्यातला एखादा शब्द जास्तीचा आहे म्हणतील, असं एक नाटककार चारचौघांत म्हणाला होता. बाईंनी ते ऐकून मान डोलावली आणि त्याच्या नाटकातला अख्खा तिसरा प्रवेश उडवला. नाटक चाललं, हे वेगळं सांगायला नको.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन खिडक्या, त्यातली एक कपाटाने झाकलेली. टेबलावर काच, काचेखाली छपाईच्या तारखांचा तक्ता, आणि चहा ठेवायला एका रद्द झालेल्या मुखपृष्ठाचा पुठ्ठा. भिंतीवर एकच गोष्ट टांगलेली होती: एका पुरस्काराचं मानपत्र. मानपत्रावर नाव लेखकाचं होतं, पण समारंभाहून परतताना लेखकाने ते बाईंच्या हातात दिलं. "हे तुमच्याकडेच शोभेल," म्हणाले. ते लेखक म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर. उभं आयुष्य पूल बांधण्यात गेलं, म्हणून कार्यालयात त्यांचं नाव पडलं पूलवाले. सहाशे पानांचं बाड घेऊन ते आले होते, आणि बाईंनी दीड वर्ष त्यांच्याबरोबर बसून त्याचं पावणेतीनशे पानांचं पुस्तक केलं होतं. बाईंच्या हातून गेलेलं ते सगळ्यात चांगलं पुस्तक. असं त्या स्वतः म्हणत, आणि स्वतःच्या कामाबद्दल चांगलं बोलण्यात त्या फार उदार नव्हत्या.

पूलवाले गेले त्याला आता सहा महिने झाले होते. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती आणि त्यासाठी दोन्ही मुलांच्या सह्या हव्या होत्या. थोरल्याची सही टपालाने आली. धाकटी म्हणाली, मी स्वतः येते.

ती सोमवारी सकाळी आली. चाळिशीची, शांत, केस घट्ट बांधलेले. तिचं चष्म्यांचं दुकान होतं, ते सोमवारी बंद असायचं. खुर्चीत बसता बसता तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय. नाकावरचा चिमटा सैल झालाय."

"चष्मा नाही, नाकच वाकडं आहे," बाई म्हणाल्या. दोघी थोड्या हसल्या. बाईंना वाटलं, काम सोपं दिसतंय.

त्यांनी कागद पुढे सरकवला. धाकटीने तो वाचला, पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"सही करायला माझी ना नाही. पण आधी एक विचारायचंय. विचारू?"

"विचारा की."

"तुम्ही बाबांबरोबर दीड वर्ष बसलात. ते माझ्याबद्दल कधी काही बोलले?"

बाईंना प्रश्न नीट कळला नाही. "म्हणजे?"

"पुस्तकात आई आहे. दादा आहे, दादा सायकलवरून पडला ते आहे. आमचा कुत्रासुद्धा आहे, त्याला दीड पान दिलंय, मी मोजलंय. शेवटी सिमेंटचे प्रकार दिलेत. मी नाही. कुठेच नाही. ज्याने फक्त ते पुस्तक वाचलंय त्याला वाटेल, यांना एकच मूल होतं."

ती हे चढ्या आवाजात बोलत नव्हती. गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तशी सांगत होती.

"पुस्तक आलं तेव्हा मी दुकानातच उभ्या उभ्या चाळलं. मग बसून वाचलं. मग बाबांना फोन केला. म्हटलं, बाबा, मी कुठे आहे यात? तर म्हणाले, राहून गेलं गं." तिने पेन काचेवर ठेवलं. "राहून गेलं! छत्री राहते माणसाची, डबा राहतो. मुलगी राहून जाते का हो?"

बाईंनी चष्मा नाकावर सरळ केला.

"त्यानंतर आठ वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाही. कामापुरतं, औषधापुरतं. शेवटी गेले तेव्हा त्यांची वाचा गेली होती. म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्याशी तरी काही बोलले असतील."

 बाईंना आठवलं होतं, आणि ते हळूहळू नव्हे, एकदम आठवलं होतं. प्रकरण सातवं. चौदा पानं. ती पानं धाकटीची होती, आणि ती बाईंनी काढली होती.

आता खरं तर तिथेच सांगून टाकायचं. पण 'गोल गोल लिहू नका, मुद्द्यावर या' असं एकतीस वर्षं लोकांना बजावणाऱ्या बाई म्हणाल्या, "मला जरा जुने कागद बघावे लागतील. पुढच्या सोमवारी येता का?"

धाकटीने मान हलवली. कागद तसाच ठेवून ती गेली. बाईंनी दार लावून घेतलं, आणि बराच वेळ त्या भिंतीवरच्या मानपत्राकडे पाठ करून बसून राहिल्या. स्वतःची लाज वाटण्याची त्यांना सवय नव्हती.

ती पानं कशी निघाली तेही त्यांना आठवत होतं. त्यात कसलाही दुष्टपणा नव्हता. सहावं प्रकरण एका मोठ्या नदीवरच्या पुलाचं होतं. आठवं तोच पूल पुरात टिकला त्याचं. मध्ये सातव्यात एकदम घर, मुलगी, तिचं आजारपण. पुस्तक दमदार चालत होतं आणि तिथे येऊन फतकल मारून बसत होतं. कोणत्याही चांगल्या संपादकाने तेच केलं असतं, आणि बाई तर चांगल्याहून चांगल्या होत्या. पूलवाल्यांनी एकदाच विचारलं होतं, "यातलं एखादं पान ठेवता येईल का?" बाई म्हणाल्या होत्या, "एकच ठेवलं तर वाचक विचारेल, ही कोण, कुठून आली? ठेवायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही." त्यावर ते थोडा वेळ टेबलाच्या काचेकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे. अर्धवट खांब उभा करण्यापेक्षा नसलेला बरा." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. किती समजूतदार लेखक, असं बाईंना तेव्हा वाटलं होतं, आणि नव्या लेखकांना त्या त्यांचं उदाहरण देत असत.

मंगळवारी बाई तळघरातल्या कोठीत उतरल्या. पुस्तक निघाल्यावर तीन वर्षांनी मूळ हस्तलिखितं लगद्यासाठी कागदगिरणीला द्यायची असा संस्थेचा नियम होता. जागाच नव्हती तेवढी. काय काय जाणार त्याची यादी व्हायची आणि यादीखाली संपादकाची सही लागायची. ती यादी त्यांना सापडली. सव्विसाव्या ओळीवर पूलवाल्यांचं बाड होतं आणि खाली बाईंची स्वतःची, ठसठशीत, रेघ ओढलेली सही. इंजिनिअरसाहेब सगळं हाताने लिहायचे आणि दुसरी प्रत ठेवायचे नाहीत. चौदा पानं जगातून गेली होती.

गुरुवारी मात्र पत्र सापडलं.

बाईंची एक पद्धत होती. मजकूर काढायचा तर तोंडी सांगायचं नाही, पत्र लिहायचं. कुठला मजकूर ते कळावं म्हणून त्याचे पहिले दोन-तीन शब्द आणि शेवटचे दोन-तीन शब्द द्यायचे: अमुक पासून तमुक पर्यंत, काढावं. पुढे एका ओळीत कारण. कारणाशिवाय कापायचं नाही, हा त्यांचा अभिमान होता. त्या प्रत्येक पत्राची प्रत त्या खोक्यात ठेवत, आणि पत्रांना लगद्याचा नियम लागू नव्हता. सातव्या प्रकरणाच्या नऊ नोंदी होत्या. म्हणजे नऊ परिच्छेदांचं तोंड आणि शेपूट शिल्लक होतं. मधलं गेलं होतं.

पत्र हातात घेऊनच त्या मालकांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हता. वडिलांनी सुरू केलेली संस्था त्याने बुडू दिली नव्हती आणि बाईंना तो लहानपणापासून ओळखत होता.

"यात सांगण्यासारखं काय आहे बाई?" तो म्हणाला. "लेखकाने मान्य केलं, विषय संपला. लेखकाचा निर्णय, असं म्हणा तिला."

"तो लेखकाचा निर्णय नव्हता."

"कागदावर तर होता ना?" मग तो खुर्चीत पुढे सरकला. "नाहीतर एक करा. ती पानं तुम्हीच लिहा. हसू नका, मी गंभीरपणे बोलतोय. त्यांची भाषा तुमच्या हातात आहे. पुस्तकातला निम्मा मजकूर तुमच्याच हातून फिरलाय. जुन्या कागदांत एक प्रकरण सापडलं म्हणून नव्या आवृत्तीत घालू. त्या पोरीला तिचे बाबा मिळतील. कोणाचं काही वाईट होतंय का यात?"

बाई हसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी असं सुचवलं नसतं." मालक म्हणाला, "बाबांसमोर असा प्रश्नही कधी आला नसता." आणि ते खरंच होतं.

पण बोलणं डोक्यात राहिलं. बाई आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहत. अक्का शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी हैराण, जिभेने मात्र ठणठणीत. रविवारी दुपारी जेवणानंतर अक्का आडव्या झाल्या आणि बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसल्या. नुसतं बघावं म्हणून. पूलवाल्यांची वाक्यं आखूड असायची. आधी माप सांगायचे, मग माणूस. भावनेचं काही आलं की ते हवामानाकडे वळायचे. बाईंच्या हाताला हे सगळं माहीत होतं. तासाभरात पान भरलं.

अक्का उठून आल्या, चष्मा लावला आणि न विचारता ते पान वाचलं. खाली ठेवलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. अक्कांचे डोळे सहसा भरत नसत.

"हे त्यांचंच ना? किती जीव होता गं त्या माणसाचा लेकीवर."

"हे मी लिहिलंय, अक्का. आत्ता."

अक्कांनी पान पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. चेहरा बदलला. "मग हे घाणेरडं आहे," त्या म्हणाल्या. "चांगलं लिहिलंयस म्हणून जास्तच घाणेरडं आहे. ती बिचारी हे पाठ करेल. उशाशी घेऊन झोपेल. आणि असेल काय, तर तुझं अक्षर."

बाईंनी ते पान फाडलं. फाडताना वाईट वाटलं, कारण पान खरंच छान उतरलं होतं. आणि वाईट वाटलं याचीच त्यांना भीती वाटली.

सोमवारी धाकटी आली. बाईंनी चहा मागवला नाही. बसू दिलं आणि लगेच बोलल्या, कारण आणखी पाच मिनिटं गेली असती तर आपण कच खाल्ली असती हे त्यांना ठाऊक होतं.

"ते राहून गेलं नव्हतं. तुमच्या बाबांनी तुमच्यावर चौदा पानं लिहिली होती. ती मी काढली."

धाकटीने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"पुस्तकाचा वेग जातो म्हणून काढली. एक पान तरी ठेवा म्हणाले, तेही मी ठेवलं नाही. मूळ कागद आता नाहीत. नष्ट करायच्या यादीवर सही माझीच आहे. एवढंच उरलंय." त्यांनी पत्र पुढे केलं, आणि पासून–पर्यंत म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

धाकटीने पत्र घेतलं. पहिली नोंद तिने मोठ्याने वाचली, एकेक शब्द ठेवत. "'धाकटीचा जन्म' पासून 'पत्राने कळलं' पर्यंत. पुलाशी संबंध नाही. काढावं."

दुसरी. "'तिला बोलायला' पासून 'डॉक्टर म्हणाले' पर्यंत. घरगुती तपशील. काढावं."

तिसरी. "'साइटवरून उशिरा' पासून 'तिच्या उशाशी' पर्यंत. भावुक. काढावं." इथे ती थांबली. "सकाळी माझ्या उशीवर सिमेंटची पूड असायची," ती म्हणाली, बाईंना नाही, पत्रालाच. "आई चिडायची. म्हणायची, हे घाणेरडे कपडे घालून बसतात तिथे. मी म्हणायचे कोण बसतं? आई म्हणायची, वारा." तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

चौथी नोंद तिने मनात वाचली आणि मग बाईंकडे पाहिलं. "'शाळेच्या कार्यक्रमाला' पासून 'मी गेलो नाही' पर्यंत. हे त्यांच्या लक्षात होतं?"

"असणार. लिहिलं होतं त्यांनी."

"मी तोतरी होते लहानपणी. नाटकात मला एकच ओळ होती. दोन महिने आरशासमोर घोकली. त्या दिवशी न अडखळता बोलले, आणि पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची रिकामी. मला वाटायचं, त्यांना कार्यक्रम होता हेही आठवत नसेल." पुढे बाईंचं कारण होतं, तेही तिने वाचलं. "'अपराधी सूर पुस्तकाला मारक.'"

बाईंना वाटलं, इथे आपण काहीतरी बोलावं. पण बोलण्यासारखं होतं ते सगळं त्या कागदावर त्यांच्याच नेमक्या, आटोपशीर भाषेत लिहिलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपली भाषा आवडली नाही.

"त्यांनी तुमचं नाव का नाही घेतलं?" धाकटीने विचारलं. "मी फोनवर इतकं बोलले. वाट्टेल ते बोलले. संपादकबाईंनी काढलं, एवढं म्हणाले असते तर संपलं असतं."

बाईंनी पत्राच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'पुस्तकावर नाव तुमचं आहे, तेव्हा अखेरचा निर्णय तुमचाच.'

"ही ओळ मी प्रत्येक पत्रात घालते. सवयीने. लेखक ती वाचतसुद्धा नाहीत. निर्णय कोणाचा असतो हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही. तुमच्या बाबांनी ती वाचली, आणि खरी मानली."

"तडा गेला तर नाव इंजिनिअरचं, असं ते म्हणायचे," धाकटी म्हणाली. "मजुरावर ढकलायचं नाही." मग तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "म्हणजे मी आठ वर्षं चुकीच्या माणसाशी भांडले. तुमच्याशी भांडायचं होतं मी. तुम्ही इथे बसला होता, या खुर्चीत, रोज, आणि मी त्यांच्याशी भांडत होते."

"हो," बाई म्हणाल्या. "माझ्याशीच भांडायला हवं होतं." त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आत्ता रडण्याचा हक्क आपला नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी ते तसंच गिळलं.

धाकटीने डोळे पुसले आणि राहिलेल्या नोंदी वाचल्या. पाचवीतलं मधलं तिला माहीत होतं, सातवीतलं थोडं. सहावी आणि आठवी दादाला विचारेन म्हणाली. नववीपाशी मात्र ती अडली.

"'पूल खुला व्हायच्या' पासून 'मी तिथेच उभा राहिलो' पर्यंत. गोड आहे, पण पुस्तक गोड नाही. काढावं." तिने वर पाहिलं. "हा मोठा पूल. तेव्हा मी चार वर्षांची होते. मला यातलं काही आठवत नाही. दादा मामाकडे होता. आई गेली, बाबा गेले. मधे काय होतं?"

या प्रश्नाची बाईंना रविवारपासून धास्ती होती. काय उत्तर दिलं तर ही बाई सुखाने घरी जाईल ते त्यांना चांगलं समजत होतं. दोन वाक्यं पुरली असती. आखूड, आधी माप, मग माणूस, शेवटी वारा. ती वाक्यं जिभेवर तयार होती.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या.

"आठवून बघा."

"आठ दिवस तेच करतेय. हे कारण लिहिलं तेव्हा किती बरं साधलं म्हणून मी खूश झाले होते, ते आठवतं. मजकूर आठवत नाही."

"पण वाचलं होतंत ना तुम्ही?"

"वाचलं होतं. काढायचं म्हणून वाचलं होतं."

धाकटीने पत्राची घडी घातली आणि ते आपल्या पिशवीत ठेवलं. प्रत मागितली नाही, परवानगीही नाही. दाराशी जाऊन ती वळली. "ती पानं वाचलेलं माणूस आता जगात एकच आहे. तुम्ही. मी दर सोमवारी येईन. आठवलं तर सांगा. सही त्यानंतर बघू."

ती खरंच येऊ लागली. दर सोमवारी सकाळी, दहा मिनिटं. बसायची, विचारायची, "काही?" बाई म्हणायच्या, "नाही." मग ती जायची. मालक वैतागला. छपाईची तारीख गेली, दुसरी दिली, तीही गेली. "काहीतरी सांगून टाका ना बाई," तो म्हणायचा. "तिला कुठे पडताळून बघता येणार आहे?" म्हणूनच सांगता येत नाही, असं बाईंनी त्याला दोनदा समजावलं आणि मग समजावणं सोडून दिलं.

आठवण्यासाठी त्यांनी नाही नाही ते केलं. त्या वर्षीच्या डायऱ्या काढल्या. सहावं आणि मूळचं आठवं प्रकरण पुन्हा पुन्हा वाचलं, मधली फट काही बोलेल म्हणून. त्यात पुलाची लांबी होती, खांबांची खोली होती. दीड पान कुत्राही भेटला, आणि पहिल्यांदाच बाईंना तो नकोसा झाला.  अक्का म्हणाल्या, "आठवण म्हणजे काय नळ आहे, सोडला की यायला? तू आपलं काम कर." आणि दुसरं करण्यासारखं तरी काय होतं!

सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी त्या कामच करत होत्या. एका प्रवासवर्णनाची पानं होती, लेखकाला विशेषणांची हौस. बाईंनी 'हिरवीगार' या शब्दावर आडवी रेघ मारली, पुढे गेल्या, आणि हात थांबला. ती रेघ त्यांनी आधी कधीतरी मारली होती. एका रंगावर. मोठ्या, कोनदार, इंजिनिअरी अक्षरातल्या रंगावर. पान पूर्ण काढायचं ठरण्याआधी, पहिल्या वाचनात, त्यांनी त्यातला एकच शब्द उडवला होता, कारण रंग कशाला हवा? डोक्याला जे आठवत नव्हतं ते त्या रेघेने हाताला आठवून दिलं.  आणखी काही येतं का ते त्यांनी बघितलं. काही आलं नाही. पुढे काहीतरी जोडावं असं मनात आलं, पण त्यांनी जोडलं नाही.

सोमवारी धाकटी बसायच्या आतच त्या म्हणाल्या, "एक शब्द आठवलाय. एकच. त्याच्या मागचं-पुढचं काही माहीत नाही, आणि मी अंदाजाने सांगणार नाही."

"सांगा."

"पिवळे."

धाकटी उभीच होती. तिने खुर्चीची पाठ धरली.

"'पिवळे' असंच होतं. 'पिवळा' नाही, 'पिवळी' नाही. मी त्यावर रेघ मारली होती."

"बूट," धाकटी म्हणाली.

ती खाली बसली. "पावसाळी बूट होते माझे. पिवळे. बाबांनीच आणले होते, दोन नंबर मोठे. आईने पुढे कागदाचे बोळे कोंबले होते, तरी चालताना निघायचे. मी ते काढायचेच नाही, झोपतानासुद्धा. मला पूल आठवत नाही, पण..." ती थांबली. हात तोंडावर गेला. "रस्ता आठवतोय. खूप मोठा, मोकळा रस्ता. एक गाडी नाही, एक माणूस नाही. आणि मी धावतेय, आणि बूट फटक फटक वाजतायत. मला वाटायचं, ते स्वप्नातलं आहे. एवढा मोकळा रस्ता कुठे असतो का?"

"पूल खुला व्हायच्या आदल्या दिवशी असतो," बाई हळूच म्हणाल्या.

धाकटी रडत होती. मोठ्याने, लहान मुलासारखी, नाक पुसायचंही भान नव्हतं. "म्हणजे त्यांनी मला नेलं होतं. सगळ्यांच्या आधी मला सोडलं होतं त्याच्यावर. आणि ते तिथेच उभे राहिले."

बाई उठल्या नाहीत, तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. तेवढी जवळीक आपण कमावलेली नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी फक्त पाण्याचा पेला तिच्या बाजूला सरकवला आणि दाराबाहेर कोणी डोकावलं त्याला हाताने परत पाठवलं.

बऱ्याच वेळाने धाकटी पाणी प्यायली. तिने पिशवीतून पत्र काढलं, घडी उलगडली. नवव्या नोंदीत 'पासून' आणि 'पर्यंत' यांच्यामध्ये वर थोडी जागा होती. तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं: पिवळे बूट. लिहून पत्र पुन्हा पिशवीत ठेवलं.

"आणखी काही?"

"आज एवढंच."

"मग सोमवारी येते," ती म्हणाली.